कुंभारी ते कन्ना चौक : शेअर रिक्षा जुळणीच्या कामाच्या नोंदी

२ डिसेंबर २०२४

काम छोटं आहे. अक्कलकोट रोडला सोलापूर शहरापासून दहा-बारा किलोमीटरवर कुंभारीत विडी कामगारांच्या दोन मोठ्या वसाहती आहेत: २००६ साली उभं राहिलेलं गोदूताई परुळेकर घरकुल (१० हजार घरं) आणि रे नगर, जिथल्या १५ हजार घरांच्या चाव्या यंदाच्या जानेवारीत वाटल्या. विडी घरी वळतात, पण माल जमा करायला, पान-तंबाखू आणायला, दवाखान्याला, शाळेला शहरात यावंच लागतं. सिटी बसचं सोलापूरकरांना सांगायला नको. म्हणजे उरली रिक्षा. एकट्याने परवडत नाही म्हणून शेअर.

आज चालतं ते असं: रिक्षा उभी राहते, भरली की सुटते. तिसरी सीट मिळेपर्यंत पहिली बसलेली बाई बसून राहते. कारखान्यात माल घेण्याची वेळ टळली तर दिवस वाया. ज्यांना जायचंय त्यांनी आदल्या रात्री किंवा सकाळी लवकर कळवायचं, आपण तिघी-तिघींचे गट जुळवून रिक्षा नेमायची, एवढंच करायचंय. कन्ना चौक आणि अशोक चौक स्टँडवरचे काही रिक्षावाले तयार झालेत. पैसा माझ्याच खिशातला, म्हणून सुरुवातीपासून हात आखडता.

दुसऱ्या कुठल्या गावात कोणी हेच करायला निघालं तर उपयोग व्हावा म्हणून लिहून ठेवतोय.

५ डिसेंबर

या विषयावरचं वाचायला घेतलं की सगळं न्यूयॉर्कचं निघतं, कारण तिथल्या टॅक्सीफेऱ्यांची माहिती खुली आहे. दोन निबंध हमखास समोर येतात. २०१४ चा सँटी आणि सहकाऱ्यांचा: कोणत्या दोन फेऱ्या एकत्र करता येतील याचं जाळं मांडलं आणि प्रवाशांना थोडा उशीर चालणार असेल तर एकूण अंतर ४० टक्के किंवा त्याहून जास्त घटू शकतं असं दाखवलं. दुसरा २०१७ चा, एमआयटीचा, अलोन्सो-मोरा आणि मंडळींचा: चार आसनांच्या ३,००० गाड्या तिथल्या टॅक्सींची ९८ टक्के मागणी भागवू शकतात. त्या शहरात टॅक्सी १३ हजारांवर आहेत.

हे आकडे डोक्यात ठेवून सोलापुरात काम सुरू करू नये. त्यांची किमया दाटीची आहे. मॅनहॅटनमध्ये क्षणाक्षणाला मागणी येते, त्यामुळे जवळपास त्याच वाटेने जाणारं कोणीतरी सापडतंच. आपल्याकडे सकाळी दोन तास झुंबड, मग दुपारपर्यंत शुकशुकाट. जुळणी चांगली व्हायला गणित भारी असून भागत नाही, माणसं एका वेळी एका बाजूला जाणारी लागतात. ती कुंभारीत आहेत, म्हणूनच ही वाट धरली. जुळे सोलापुरातून निघणारे दहा जण दहा दिशांना जातात, तिथे हे चालणार नाही.

दुसरी गोष्ट कागदावर मांडल्यावर कळली. रिक्षात तिघे. तिघांचे चढण्याचे तीन आणि उतरण्याचे तीन असे सहा थांबे. उतरण्याआधी चढलं पाहिजे एवढी एकच अट. असे क्रम एकूण ९० होतात. सगळेच्या सगळे तपासून पाहिले तरी साधा मोबाइल डोळ्याचं पातं लवण्याआधी उत्तर देतो. चौथा प्रवासी घेतला की २,५२०, म्हणजे गाडी मोठी होत जाते तशी डोकेदुखी. मोठ्या शहरांना जे सॉल्व्हर (असे क्रम शोधून देणारे तयार प्रोग्रॅम) लागतात ते आपल्याला नकोत. गूगलचं ओआर-टूल्स शिकण्यात घालवलेला आठवडा तसा फुकट गेला. त्यातून वेळेची चौकट कशी मांडायची एवढं मात्र हाती लागलं.

९ डिसेंबर

नकाशा ओपनस्ट्रीटमॅपचा, मार्ग काढायला ओएसआरएम. दोन्ही फुकट. आधी भारताच्या पश्चिम भागाची अख्खी फाइल सर्व्हरवर चढवली. लहान सर्व्हरची मेमरी भरली आणि प्रक्रिया मध्येच मेली. कारण कळेना, दोन रात्री गेल्या. मग ऑस्मियम या नकाशा कापायच्या साधनाने सोलापूर शहर आणि भोवतालचा चौकोन कापून घेतला, काम मिनिटांत झालं. ज्यांना हे करायचंय त्यांनी आधी नकाशा कापावा, मग बाकीचं.

खरी अडचण पत्त्यांची. “विडी घरकुल” म्हटलं की सोलापुरात जुनं घरकुलही आहे, ते हैदराबाद रोडला, आणि हे कुंभारीचं. पत्ता शोधणाऱ्या सेवेने चाचणीच्या यादीतल्या निम्म्या बायकांना हैदराबाद रोडला नेऊन बसवलं. रे नगरमध्ये तर घरं इतकी एकसारखी आणि नवी की आतले रस्तेच नकाशात नव्हते. दोन रविवार फिरून ते मी चढवले. घराचा पत्ता मागणं बंद केलं. आता थांबे ठरलेले आहेत, बायका ज्यांना ओळखतात तेच: पाण्याची टाकी, कमान, किराणा दुकान, शाळेचं गेट. प्रत्येक थांब्याला अंक दिला. बायकांना दोन-तीन मिनिटं चालावं लागतं. नाराजी झाली नाही, कारण रिक्षा आत गल्लीत शिरून वळवण्यात जो वेळ जात होता तो वाचला.

१४ डिसेंबर

परमिटचा मुद्दा. हा आधी बघायला हवा, नंतर नाही.

रिक्षाचं परमिट काँट्रॅक्ट कॅरेजचं असतं. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम २(७) प्रमाणे अशा गाडीने करारात नसलेला प्रवासी वाटेत चढवायचा नाही, उतरवायचा नाही. सीटवर शेअर चालवायचं तर परिवहन प्राधिकरणाने ठरवलेल्या मार्गावर, ठरवलेल्या भाड्याने. जगभरच्या राइडशेअरिंगची करामत मात्र नेमकी याच्या उलट असते, धावत्या गाडीत वाटेवरचा नवा प्रवासी घुसवणं.

आम्ही ती करामतच सोडून दिली. गट सुटण्याआधी बंद होतो. तिघी मिळून एक रिक्षा ठरवतात, करार तिघींचा, वाटेत नवा माणूस नाही. आरटीओच्या कामात मुरलेल्या एका ओळखीच्या गृहस्थांना विचारून घेतलं, त्यांनी मान डोलावली, पण लेखी काही दिलं नाही. यातून गणित मात्र फार सोपं झालं. रात्री दहापर्यंत आलेल्या मागण्यांची जुळणी रात्रीच होते, सकाळच्या ऐनवेळच्या मागण्या दर पाच मिनिटांनी एकदा पाहिल्या जातात. मोठ्या कंपन्या काही सेकंद थांबून मागण्यांचा गठ्ठा करतात, आमचा गठ्ठा अख्ख्या रात्रीचा.

गट आणि रिक्षा यांची जोडी लावायला हंगेरियन पद्धत. कुहनने १९५५ मध्ये मांडलेली. पायथनच्या सायपाय लायब्ररीत हे काम एका ओळीत होतं.

२० डिसेंबर

पहिली खरी फेरी सुरू होऊन आठवडा होत आला. यंत्राच्या, म्हणजे आमच्या जुळणीच्या प्रोग्रॅमच्या दृष्टीने उत्तम. बायकांच्या दृष्टीने नाही.

नियम असा होता की सगळ्या रिक्षांचं मिळून अंतर कमीत कमी व्हावं. होत होतं. पण रे नगरच्या मागच्या टोकाला राहणाऱ्या एका अक्कांना रोज सगळ्यात आधी घेतलं जायचं आणि परतताना रोज सगळ्यात शेवटी सोडलं जायचं. भूगोलच तसा, टोकाला राहतात. बेरीज छान येते आणि ती बेरीज छान यावी म्हणून रोज एकच बाई वीस मिनिटं जास्त बसते. चौथ्या दिवशी त्या म्हणाल्या, “पैसे तिघींचे सारखे, बसायचं मात्र मी एकटीनं?” त्यांच्यापुढे मला काही बोलता आलं नाही.

आधी टक्केवारीची मर्यादा घातली: थेट गेलं असतं त्यापेक्षा अमुक टक्क्यांहून जास्त वेळ कोणालाही नको. याने उलटंच झालं. एमआयडीसीत चढून अशोक चौकाला उतरणाऱ्या बाईचा प्रवासच आठ-दहा मिनिटांचा, तिच्यासाठी तीन मिनिटांचा वळसाही मर्यादेबाहेर. टोकाच्या अक्कांचा प्रवास लांब, त्यामुळे त्यांना टक्केवारीत बारा मिनिटंही बसतात. म्हणजे नियम पुन्हा दूरच्यांच्याच डोक्यावर. टक्के काढून मिनिटं घातली.

मग उशिराचं खातं सुरू केलं. प्रत्येकीला थेट जाण्यापेक्षा जितकी मिनिटं जास्त लागली ती तिच्या नावावर जमा. दुसऱ्या दिवशी जुळणी करताना आधी पाहायचं की जिच्या खात्यावर सगळ्यात जास्त उशीर साठलाय तिचा आणखी वाढू नये. त्यात बरोबरी झाली तरच एकूण अंतराकडे जायचं. यात टोकाच्या अक्कांना काही दिवस परतीच्या फेरीत आधी सोडतात, जवळच्या बाईला पाच मिनिटं जास्त बसावं लागतं. एकूण अंतर थोडं वाढलं. जास्तीचं पेट्रोल-सीएनजी कोणाच्या खिशातून, हा प्रश्न लगेच आलाच, त्याबद्दल खाली.

कोणालाही खातं दाखवायचं का, यावर आमच्यात वाद झाला. दाखवतो. महिन्याच्या शेवटी प्रत्येकीला तिचा आकडा सांगतो, दुसरीचा नाही.

२३ डिसेंबर

मागणी देताना “किती वाजेपर्यंत पोचायचं” हे आम्ही विचारत होतो. ज्यांची वेळ आधीची त्यांना आधी गाडी. हळूहळू सगळ्यांनाच साडेआठच्या आत पोचायचं झालं. नऊवाल्याही साडेआठ सांगायला लागल्या, कारण तसं सांगितलं की रिक्षा लवकर येते हे त्यांनी तीन दिवसांत ओळखलं. हुशार आहेत, कुठल्याही गणितज्ञाने हेच सांगितलं असतं. ज्या उत्तरावर फायदा मिळतो ते उत्तर माणूस देणारच.

वेळ विचारणं बंद. कुठे जायचंय ते विचारतो आणि त्या कारखान्याची, शाळेची, ओपीडीची वेळ आम्हीच नोंदवून ठेवली आहे.

२८ डिसेंबर

आता रिक्षावाले. स्टँडवर नंबर असतो. जो आधी येऊन उभा राहिला त्याचं भाडं आधी. आमचं यंत्र जवळची रिक्षा निवडत होतं, म्हणजे नंबर मोडत होतं. एका चाचांनी सरळ सांगितलं, “तुमचं मशीन शहाणं असेल, पण नंबर मोडला तर इथं डोकी फुटतील की.” तीस वर्षांचा अनुभव बोलत होता. नंबर पहिला, अंतर नंतर, असा बदल त्याच रात्री केला.

त्याहून मोठी गोष्ट रिकामी परत. कुंभारीला सोडायला गेलेली रिक्षा दुपारी परत येताना रिकामीच येते, त्यामुळे लांबचं भाडं कोणाला नको. मोठ्या ॲपवाल्यांनी यावर आधी उतारा शोधला होता तो असा की चालकाला भाडं स्वीकारेपर्यंत ठिकाण दाखवायचंच नाही. मग चालक फोन करून विचारायचा “कुठं जायचं?” आणि रद्द करायचा. आम्ही ठिकाण आधीच दाखवतो. जो कुंभारीला जाऊन रिकामा परत येतो त्याला स्टँडवर आला की रांगेत पुढचा नंबर, आणि परतीचं थोडं भाडं तिघींच्या वाट्यात आधीच धरलेलं. वरच्या खात्यामुळे वाढलेलं अंतरही याच हिशेबात घेतलं, सीटमागे काही रुपये वाढले. बायकांशी बोलून वाढवले. दोघी-तिघी सोडून गेल्या, त्या पुन्हा वडापने, म्हणजे भरली की सुटणाऱ्या गाडीने जातात.

१ जानेवारी २०२५

ॲप नाही. घरात फोन एक, तो बहुतेक मुलाकडे किंवा नवऱ्याकडे. मिस्ड कॉल द्यायचा, उलटा फोन येतो, थांब्याचा अंक सांगायचा.

एसएमएसने रिक्षाचा नंबर कळवायचा बेत होता. ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) नियमाने त्यासाठी आधी डीएलटी या नोंदणी व्यवस्थेवर संस्था नोंदवावी लागते, मग प्रत्येक मजकुराचा नमुना मंजूर करून घ्यावा लागतो. नमुन्यातला एक शब्द बदलला तरी संदेश वाटेतच गळतो. आमची नोंदणीकृत संस्थाच नाही. तीन आठवडे कागद फिरले, नोंदणीला सहा हजारांच्या आसपास खर्च सांगितला गेला, सोडून दिलं. आता माझी बहीण आणि रे नगरातली एक मुलगी फोन करतात, मुलीला महिन्याचे पैसे देतो. यंत्राच्या आवाजातला तेलुगू संदेश आधी वापरून पाहिला होता. हैदराबादच्या बातम्या वाचल्यासारखा. आमच्या पूर्व भागातल्या पद्मशाली घरांतली तेलुगू वेगळी, अर्ध्या जणी हसून फोन ठेवत होत्या.

६ जानेवारी

उद्या किती मागणी येईल याचा अंदाज बांधता आला तर रिक्षा आधीच सांगून ठेवता येतात. गेल्या आठवड्याच्या त्याच वारावरून अंदाज काढत होतो. सोमवारवरून सोमवार. कधी बरोबर, कधी साफ चुकीचा. कधी सकाळी साडेसातला कोणीच नाही आणि नऊला एकदम गर्दी.

फोन करणाऱ्या मुलीने उलगडा केला: “आज पाणी होतं ना.” सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी. ज्या दिवशी पाणी येतं त्या दिवशी घर सोडून कोणी निघत नाही, हंडे-टाक्या भरल्या की मगच. आणि पाण्याची पाळी वाराला बांधलेली नाही, सरकत जाते. आमचा आठवड्याचा नमुना म्हणजे चुकीच्या पंचांगाने मुहूर्त काढण्यासारखं. वार काढून टाकला, त्या भागाची पाण्याची पाळी आणि माल जमा करण्याचा दिवस हे दोन घातले. पाळीचं वेळापत्रक बदललं की मुलगी कळवते. अंदाज कामचलाऊ झाला, त्याहून जास्त काही नको आहे.

१६ जानेवारी

गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची यात्रा. १२ तारखेला अडुसष्ट लिंगांना तेलाभिषेक, १३ ला संमती कट्ट्यावर अक्षता, १४ ला होम, काल होम मैदानावर शोभेचं दारूकाम. सात नंदीध्वज बाळीवेसेतून निघतात तेव्हा शहराचा मधला भाग रिक्षासाठी नाहीच असं धरून चालावं. आम्ही वाहतूक पोलिसांचे बंद रस्ते वर्तमानपत्रातून पाहून नकाशात घातले. ओएसआरएमच्या नेहमीच्या पद्धतीत रस्ता बंद करायचा तर सगळ्यात वेळखाऊ टप्पा पुन्हा करावा लागतो. त्यातच दुसरा पर्याय आहे, त्यात फक्त वेगाची फाइल बदलून पुन्हा जुळवणी करता येते. कापलेल्या नकाशावर ते मिनिटभरात होतं. तरी उपयोग अर्धाच झाला. मिरवणूक कागदावरच्या वेळेने चालत नाही, आणि गर्दीत मोबाइलचं नेटवर्क इतकं कोंडलं की रिक्षाची जागा दहा-दहा मिनिटं जुनी दिसायची. १३ ला दुपारनंतर यंत्र बंद ठेवलं. रिक्षावाल्यांना नंदीध्वज कुठे पोचले हे आमच्याआधी कळत होतं.

गड्ड्यात भाडं वाढवायचं का? तेव्हा लागू असलेल्या २०२० च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचना ॲग्रीगेटरला (ॲपवरून गाड्या जुळवणाऱ्या कंपनीला) मूळ भाड्याच्या दीडपटीपर्यंत मुभा देत होत्या. आम्ही ॲग्रीगेटर नाही आणि ठरलेल्या गटांसाठी वाढवलंही नाही. बाहेरची भाडी मारून रिक्षावाल्यांनी कमाई केली, त्यात आमचं काही म्हणणं नव्हतं. पण त्यामुळे काही गट सकाळी थांबून राहिले हेही खरं.

२४ जानेवारी

कोण कोणाशेजारी बसणार. त्याच २०२० च्या सूचनांत होतं की पूलिंगमध्ये (शेअर प्रवासात) स्त्रीला फक्त स्त्रियांबरोबरच बसण्याचा पर्याय द्यायला हवा. आम्ही तो पर्याय ठेवलाच होता, जवळजवळ सगळ्यांनी तोच घेतला. दुष्परिणाम असा की सिव्हिल हॉस्पिटलला जाणारे म्हातारे बाप्ये जुळेनातच. त्यांचा वेगळा गट करावा लागला.

नावं दाखवणं आम्ही पहिल्या आठवड्यातच थांबवलं. रिक्षावाल्याचं नाव वाचून “दुसरी पाठवा” असा फोन आला, आणि उलट बाजूनेही प्रवाशाचं नाव वाचून. नावावरून काय काय कळतं ते सोलापुरात कोणाला सांगायला नको. आता रिक्षाचा नंबर आणि थांब्याचा अंक एवढंच. एकमेकांना तारे (रेटिंग) देणंही नाही. तक्रार असेल तर स्टँडवरच्या जुन्या माणसाकडे जाते, तो दोघांना समोर घेतो.

माहिती किती दिवस ठेवायची? २०१४ मध्ये न्यूयॉर्कच्या टॅक्सीफेऱ्या खुल्या केल्या तेव्हा गाड्यांचे क्रमांक एमडी५ या सूत्राने दुसऱ्याच अक्षर-अंकांत बदलून झाकले होते. क्रमांकांची रचना ठरलेली असल्याने सगळे शक्य क्रमांक झाकून पाहून ते उघडे पाडले गेले. दहा आकड्यांचा मोबाइल नंबर तसाच उघडा पडेल, म्हणून झाकपाक करत बसलो नाही. फेरी झाली की दुसऱ्या दिवशी फोन नंबर त्या नोंदीतून जातो. फक्त उशिराचं खातं राहतं.

३ फेब्रुवारी

खर्च. सर्व्हर महिना सातशे रुपये, फोनचे दोन रिचार्ज, मुलीचं मानधन, चालकांच्या तीन फोनना उन्हापासून वाचवणारे होल्डर. (स्वस्त फोन बॅटरी वाचवायला मागे चालणारं जीपीएस गुपचूप बंद करतात, ती सेटिंग प्रत्येक फोनमध्ये हाताने बदलावी लागली, अपडेट आला की पुन्हा.) बेंगळुरूच्या नम्म यात्री या रिक्षा ॲपने कमिशनऐवजी दिवसाला २५ रुपये घेण्याची पद्धत आणली, त्यांचं कोडही खुलं आहे. आम्हीही कमिशन नको म्हणून दिवसाचे दहा रुपये ठरवले. येतात, पण रोज मागावे लागतात.

१० फेब्रुवारी

मागण्या कमी होत चालल्यात. आधी घाबरलो, मग चौकशी केली. जे गट यंत्राने जुळवले त्यातले बरेच आता कायमचे झाले. तिघींनी एका चाचांशी महिन्याचं ठरवून टाकलं, फोन करायची गरजच उरली नाही. कंपनी असती तर याला गळती म्हणाली असती आणि चालकाला दम भरला असता. आम्ही त्या गटांची नावं यादीतून काढली आणि त्यांच्या उशिराच्या खात्याचा शेवटचा आकडा सांगून टाकला, आपसात फिरतं ठेवायला. टोकाच्या अक्कांच्या गटात आठवड्याने आठवड्याने क्रम उलटतात असं कळलं.

उरले ते अनियमित: सिव्हिलला जाणारे, बँकेत पेन्शनला येणारे, महिन्यातून एकदाच निघणारे. त्यांची जुळणी अवघड, कारण दाटी नाही. पुढच्या आठवड्यात ओपीडीच्या दिवसांवरून मागणी एकत्र करून पाहणार आहे, म्हणजे डोळ्यांचे एका दिवशी, हाडांचे दुसऱ्या. सिव्हिलमधलं वेळापत्रक उतरवून आणलंय, पण त्यातले दोन विभाग परवाच बदलले असं तिथल्या खिडकीवर सांगितलं.